जुन्या डब्यांना हात लावू द्या, शिकवणारे अजून आहेत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

१ जूनला डेक्कन क्वीनच्या वाढदिवसाची बातमी तुमच्या पेपरात फोटोसकट आली होती, दरवर्षी येते आणि दरवर्षी मी ती आवर्जून वाचते. केक कापतात, इंजिनाला हार घालतात, रोजचे पासवाले एकमेकांना पेढे भरवतात, एका गाडीवर लोकांचा एवढा जीव आहे हे बघून खरंच बरं वाटतं. पण त्या बातमीत एक गोष्ट कायम राहून जाते म्हणून हे पत्र. १९३० साली ही गाडी सुरू झाली तेव्हा डब्यांच्या खालच्या अंडरफ्रेम विलायतेहून आल्या होत्या, पण वरची बॉडी, म्हणजे आपण ज्याला डबा म्हणतो तो अख्खा, आपल्या माटुंग्याच्या जीआयपी रेल्वेच्या, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या, वर्कशॉपात बनला होता. सात-सात डब्यांचे दोन रेक, म्हणजे डब्यांचे संच, होते, एक चंदेरी आणि त्यावर लाल पट्ट्या, दुसरा निळा आणि त्यावर सोनेरी रेघा. इथल्या सुतार, फिटर, पेंटर लोकांच्या हातचं काम होतं ते. मग १९६६ मध्ये ते डबे गेले, चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याचे पोलादी आले, आणि २०२२ मध्ये एलएचबी हे नव्या जर्मन धाटणीचे आले. गाडी तीच, नाव तेच, पण ज्या डब्याच्या खिडकीतून आमच्या आजी-आजोबांनी खंडाळ्याचा घाट बघितला तसा डबा आज मुंबईतल्या एखाद्या मुलाला आत चढवून दाखवायचा म्हटलं तर त्याला न्यायचं कुठे?

मला काय म्हणायचंय ते सरळच सांगते. मुंबईत रेल्वेचे जुने डबे दुरुस्त करून जपायचं काम साध्या हौशी लोकांना, रेल्वेच्या देखरेखीखाली, करू द्या. आणि हे आत्ता करा, कारण ते काम शिकवू शकणारी माणसं अजून आपल्यात आहेत आणि ती काही कायमची राहणार नाहीत.

बाहेर हे कितीतरी वर्षं चाललंय. वेल्समधली टॅलिथलिन नावाची छोटी रेल्वे, मालक वारला आणि ती बंद पडायच्या बेतात आली, तर १९५० मध्ये लोकांनी एकत्र येऊन सोसायटी काढली आणि १९५१ मध्ये स्वतः गाडी चालवायला घेतली, रूळ नीट करणं, डबे रंगवणं, तिकिटं देणं, यातलं बहुतेक काम बिनपगारी लोकांनी केलं आणि ती रेल्वे आजही चालू आहे. अमेरिकेत शिकागोपासून थोडं लांब युनियन नावाचं गाव आहे, तिथे इलिनॉय रेल्वे म्युझियम आहे, त्याची सुरुवात कशी झाली तर १९५३ मध्ये दहा जणांनी प्रत्येकी १०० डॉलर काढले आणि इंडियाना रेलरोडचा ६५ नंबरचा एक इलेक्ट्रिक डबा विकत घेऊन भंगारात जाण्यापासून वाचवला. एक डबा, दहा माणसं. आज तिथे शेकडो डबे आणि इंजिनं आहेत आणि हात काळे करणारे अजूनही मुख्यतः हौशीच आहेत, कोणी नोकरी सांभाळून येतं, कोणी रिटायर झालेलं. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर तर त्याहून पुढची गोष्ट आहे, तिथे जुन्या लाकडी डब्यांच्या नुसत्या बॉड्या लोकांनी घर म्हणून, शेड म्हणून समुद्राकाठी वापरायला नेल्या होत्या, चाकं गेलेली, खालची फ्रेम गेलेली, तशा त्या परत आणून, वेगळ्या फ्रेमवर बसवून, व्हिक्टोरिया राणीच्या काळातले डबे आज पॅसेंजर घेऊन धावतायत.

या सगळ्या ठिकाणी कामाची पद्धत जवळपास सारखी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे कारण त्यात मोठी मशिनरी लागत नाही, चिकाटी लागते. आधी फोटो, मग मापं, मग एकेक वस्तू काढून तिला नंबर, कुठल्या दाराचा कुठला स्क्रू ते पिशवीवर लिहायचं. जुनं लाकूड जेवढं वाचेल तेवढं वाचवायचं, सडलाय तेवढाच तुकडा कापायचा आणि त्याच जातीचं लाकूड तिथे बेमालूम जोडायचं. रंग कुठला द्यायचा हे कोणाच्या मनावर नसतं, कोपऱ्यात एका जागी पॉलिश पेपर पाण्यात बुडवून हळूहळू घासत गेलं की एकाखाली एक सगळे जुने थर कड्यांसारखे उघडे पडतात, लाल, त्याखाली निळा, त्याखाली आणखी काही, आणि मग जुने फोटो, जुनी कागदपत्रं यांच्याशी ताडून ठरवतात. एका डब्याला दहा-दहा वर्षं लागतात. कॉन्ट्रॅक्टर एवढा वेळ देऊ शकत नाही, कोणी दिलाच तर ते परवडणार नाही, म्हणून तर हे काम हौशी माणसांचंच आहे.

आणि यात आपलं सुद्धा काही गेलंय बरं का. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी जर्मनीहून वाफेची चार इंजिनं आली होती, त्यातलं एक दिल्लीच्या म्युझियममध्ये आहे आणि एक चक्क ब्रिटनमध्ये, तिथल्या रेल्वेप्रेमींनी जपलेलं. ते तिकडे नीट राहिलं याचा मला आनंदच आहे, राग नाही. पण माथेरानच्या घाटातलं ते इंजिन बघायला माथेरानपासून दोन तासांवर राहणाऱ्याने पासपोर्ट काढायचा हे मनाला लागतं.

आता इथलं सांगते. माझे वडील रेल्वेत ट्रिमर होते. ट्रिमर म्हणजे सीटा शिवणारे, भरणारे. काथ्या पिंजून तो एकसारखा पसरायचा, वर कापड, वर रेक्झिन ताणून बसवायचं, आणि ते ताणताना एक हात मोकळा राहावा म्हणून बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ओठांत धरायच्या आणि एकेक काढून हातोडीने ठोकत जायचं, घरची खुर्ची सुद्धा बाबा तशीच करायचे आणि आम्ही पोरं श्वास रोखून बघायचो की गिळतात की काय. कोपऱ्यावर रेक्झिनला चुणी न पडता घडी कशी मारायची ते त्यांच्या बोटांना माहीत होतं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. बाबा गेले. मी बँकेत लागले, भाऊ कॉम्प्युटरमध्ये गेला, आमच्यापैकी कोणीच ते शिकून घेतलं नाही, कारण शिकून करायचं काय आणि कुठे, तेव्हा तसं दार कुठेच नव्हतं आणि आजही नाही.

आमच्याच बिल्डिंगमध्ये एक काका आहेत, ऐंशीला आलेत, कॅरेज वर्कशॉपात सुतार म्हणून लागले तेव्हा लाकडी बॉडीचे डबे पीओएचला, म्हणजे ठरावीक मुदतीने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीला, यायचे, मग पुढे सगळं पोलादी झालं तेव्हा त्यांनी तेही काम शिकून घेतलं. त्यांना घेऊन मी गेल्या वर्षी एका ठिकाणी लोकांना बघायला म्हणून उघड्यावर ठेवलेला जुना डबा बघायला गेले. लांबून डबा झकास दिसत होता, नवाकोरा रंग, समोर फुलझाडं, सेल्फी काढणारी पोरं. काकांनी रंगाकडे बघितलंच नाही, ते सरळ दाराशेजारी खाली वाकले आणि पत्रा जिथे खाली आत वळतो तिथे बोटाच्या पेराने टकटक करत पुढे सरकत गेले. एका जागी आवाज खणखणीत, दोन हात पुढे गेलं की भद्द. तिथे त्यांनी अंगठा दाबला आणि तो नवा रंग पापडासारखा आत गेला आणि मागून गंजाचे पापुद्रे त्यांच्या चपलेवर पडले. मला म्हणाले, "पाणी बाहेरून नाही लागलेलं ताई, हे खिडकीतनं आत उतरतं, तळाला साठतं, निचऱ्याची भोकं मातीने बुजलीयत, हा आतनं बाहेर सडतोय, वरनं किती पण रंग मारा." मग त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या टोकाने एक भोक मोकळं करायला घेतलं तेवढ्यात सिक्युरिटीवाला आला आणि म्हणाला हात लावू नका. त्याचं बरोबरच आहे, त्याला तेच सांगितलेलं असणार. पण उभ्या आयुष्यात शेकडो डबे दुरुस्त केलेला माणूस तिथे हात मागे बांधून उभा राहिला आणि डबा सडत राहिला, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही.

मुंबईत असे काका किती असतील विचार करा. परळचं वर्कशॉप १८७९ चं, माटुंग्याचं १९१५ चं, लोअर परळचं वेस्टर्नवाल्यांचं वेगळं, शिवाय कुर्ल्यासारख्या कारशेड. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या या कामावर घरं चाललीयत. डोंबिवली, कल्याण, बदलापूरला रिटायर होऊन बसलेले फिटर, टर्नर, वेल्डर, पेंटर, सकाळी बागेत फेऱ्या मारतात आणि पेपर वाचतात. त्यांना आठवड्यातून एक दिवस बोलावून बघा, पैसे नकोत, फक्त चहा आणि लोकलचा पास द्या, येतात की नाही बघा.

तरुण पोरं येतील का हा प्रश्न मला कोणी विचारला की मी गडांकडे बोट दाखवते. शनिवारी रात्री शेवटची कसारा नाहीतर कर्जत पकडून, खांद्यावर घमेली-फावडी घेऊन गडावर जाणारी पोरं महाराष्ट्रात काही थोडी नाहीत. टाक्यांतला गाळ काढतात, तोफा दरीतून वर आणतात, वर्गणी काढून सागवानी दरवाजे करून घेतात आणि ते वजन खांद्यावरून गड चढवतात, पुरातत्त्व खात्याची परवानगी, त्यांचे नियम, सगळं सांभाळून. जी पोरं हे करतात ती सपाट जमिनीवर, छपराखाली, स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या ठिकाणी लाकूड घासायला येणार नाहीत असं मला तरी वाटत नाही. शिवाय आयटीआयची मुलं आहेत, जेजे कला महाविद्यालयाची आहेत, आर्किटेक्चरची आहेत, त्यांना तर हे शिक्षणच आहे.

आणि कुठला डबा जपायचा यावर पण माझं एक मत आहे. दिल्लीच्या म्युझियममध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससाठी १८७५ मध्ये बनवलेला सलून आहे, म्हैसूरच्या महाराजांचा सलून आहे, ते जपलंच पाहिजे, सुंदरच आहेत ते. पण आपल्याकडे सुरुवात साध्या डब्यापासून व्हावी. लाकडी बाकाचा थर्ड क्लास, जो १९७४ मध्ये बंद झाला. कोकणातला माणूस तेव्हा बोटीने आला पण सातारा-कोल्हापूरकडचा गिरणी कामगार त्याच बाकावर वळकटी टेकवून व्हीटीला, म्हणजे आजच्या सीएसएमटीला, उतरला, या शहराची निम्मी गोष्ट त्या बाकावर आहे. नाहीतर आपली लोकल घ्या. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्टच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, विजेवर, आणि ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला शेवटची डीसी लोकल गेली, त्या रात्री लोकांनी किती गर्दी केली होती आठवतं ना? नव्वदच्या वर वर्षं ज्या गाडीने हे शहर ओढलं तिचा एखादा डबा, आतल्या सीटा, कड्या, पंखे, मोटरमनची केबिन सगळं जसंच्या तसं, मुलांना चढून बघता येईल असा पाहिजे की नको?

हल्ली काही स्टेशनांबाहेर जुन्या डब्यात हॉटेल काढतात. भंगारात जाण्यापेक्षा ते बरं, मीही जाऊन जेवून आलेय. पण आतले बाक, रॅक, शटर काढून टेबलं-एसी लावले की उरतो तो पत्र्याचा खोका, त्याला जुना डबा जपला असं म्हणू नये. आयसीएफ डब्याचं आयुष्य २५ वर्षं धरतात, त्यानंतर तो कंडम, मग लिलाव, मग गॅस कटर. सगळे ठेवता येणार नाहीत हे मलाही कळतं, पण लिलावाच्या यादीत नाव जायच्या आधी कोणीतरी जाणत्या माणसाने एकदा त्यावरून नजर फिरवावी एवढं तरी व्हावं.

रेल्वेच्या अडचणी मला माहीत आहेत, वडील तिथेच होते. बाहेरच्या माणसाचं बोट कापलं तर जबाबदार कोण, ही पहिली. त्यासाठी विमा काढता येतो, लेखी घेता येतं, नवख्यांना पॉवर टूलला हात लावू द्यायचा नाही असा नियम करता येतो. जुन्या रंगात शिसं असतं म्हणून कोरडं घासायचं नाही, मास्क आणि हातमोजे सक्तीचे, घरी जायच्या आधी हातपाय धुवायचे, ॲस्बेस्टॉसचा संशय आला की काम थांबवून त्यातल्या लोकांना बोलवायचं, हे सगळं जगभर लिहून ठेवलेलं आहे. दुसरी अडचण युनियनची, की फुकटची माणसं आली तर आमच्या पोरांच्या जागा जातील. ही भीती खरी आहे आणि तिचा मान राखला पाहिजे, म्हणून स्पष्ट लिहा की हौशी लोक फक्त कंडम झालेल्या, पुन्हा रोजच्या गाडीला न लागणाऱ्या डब्यावरच काम करतील, पीओएचच्या एका स्क्रूलाही हात लावणार नाहीत, आणि देखरेख करणारा पगारी माणूस रेल्वेचाच असेल. तिसरी गोष्ट लोकच म्हणतील, की लोकलमधून रोज माणसं पडून मरतायत आणि तुम्हाला जुन्या डब्यांचं पडलंय. मी स्वतः इतकी वर्षं लेडीज डब्यात लटकत गेलेय, आधी ती गर्दी, ती माणसं, यात वादच नाही. पण त्यासाठीचा एक रुपया इकडे वळवा असं मी म्हणतच नाहीये. हात आमचे, वर्गणी आमची, रेल्वेने जागा, छप्पर आणि परवानगी द्यावी.

त्यात पण पहिलं छप्पर. हे मी काकांकडून शिकले. डबा दुरुस्त करायला दहा वर्षं लागली तरी चालेल पण तोपर्यंत तो कोरडा पाहिजे, मुंबईत चार महिने आडवातिडवा पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा, इथे उघड्यावर ठेवलेल्या डब्याला दर वर्षी रंग मारणं म्हणजे आतला गंज झाकणं. साधी पत्र्याची शेड, दोन्ही बाजूंनी पावसाची झड येणार नाही अशी, खाली शंभर-दीडशे फूट रूळ, एक नळ, एक लाइट आणि कुलूप लागेल असं एक कपाट. कुठल्या यार्डात ते रेल्वेनेच ठरवावं, न वापरातली सायडिंग, म्हणजे बाजूचा रूळ, कुठे आहे ते त्यांना जास्त माहीत.

१६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली पॅसेंजर गाडी, १४ डब्यांची, सुमारे ४०० माणसं घेऊन बोरीबंदरहून ठाण्याला गेली. दिल्लीला १९७७ पासून मोठं रेल म्युझियम आहे, म्हैसूरला आहे, चेन्नईला आहे, हावड्याला आहे, आपल्या नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं आहे, पुण्यात तर जोशींनी छोट्या रेल्वेचं म्युझियम स्वतःच्या वेडातून उभं केलं. सीएसएमटीला इमारतीत दालन आहे, १८ नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूला हेरिटेज गल्ली आहे, आणि ज्यांनी ती केली त्यांचे आभारच मानले पाहिजेत. पण डबे-इंजिनं छपराखाली, आत शिरून बघता येतील आणि शेजारी माणसं काम करताना दिसतील अशी जागा, जिथून गाडी सुटली त्या मुंबईत नाही.

संपादक महोदय, तुमच्याकडून एक हवंय. तुमचा पेपर कल्याण-डोंबिवलीपासून वसई-विरारपर्यंत घरोघरी जातो. वर्कशॉपमधून रिटायर झालेल्यांनी आपलं नाव, कुठल्या शॉपमध्ये होते आणि काय काम करायचे ते पोस्टकार्डावर तुमच्याकडे पाठवावं असं एक आवाहन छापा. ज्यांच्या माळ्यावर जुनी ड्रॉइंगं, वर्कशॉपातले फोटो, रंधे, पटाश्या, शिलाईच्या सुया पडल्यात त्यांनी त्या भंगारवाल्याला न देता कळवावं. शंभर नावं जमली तरी ती यादी घेऊन डीआरएम, म्हणजे रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांच्या, ऑफिसला जायला आम्ही माटुंग्यातले लोक तयार आहोत, यादीतलं पहिलं नाव काकांचं, त्यांनी ते कालच लिहून दिलंय, शॉप आणि टोकन नंबरसकट. बाबांच्या चुका ठोकायच्या हातोड्या आणि वाकड्या सुया माझ्याकडे आहेत, त्याही देईन, फक्त त्या घेऊन शिकणारं कोणीतरी पाहिजे.

आपली नम्र,
एका रेल्वे कामगाराची मुलगी,
माटुंगा, मुंबई